देशोदेशींच्या आवृत्त्या आणि विक्रमांचा न्याय

१९९१ सालीं ‘सेगा’ या जपानी कंपनीनें ‘सॉनिक द हेजहॉग’ नांवाचा व्हिडिओ गेम बाजारांत आणला. काटेरी अंगाचा एक निळा प्राणी भरधाव धावतो, हाच त्या खेळाचा सारा डौल. परंतु जपानांत व अमेरिकेंत विकलेल्या यंत्रावर तो जितक्या वेगानें धावे, तितक्या वेगानें युरोपांत विकलेल्या यंत्रावर धावत नसे. त्याचें संगीतहि तेथें संथ वाजे. युरोपांतील बहुतेक मुलांना याची वार्ता नव्हती. शेजारच्या घरांतला सॉनिकहि तितकाच मंद. मग तुलना करावयाची तरी कशाशीं?

जोंवर खेळ केवळ करमणुकीसाठीं खेळला जात होता, तोंवर या फरकानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. पुढें मात्र याच खेळांच्या शर्यती सुरू झाल्या. निरनिराळ्या देशांतले खेळाडू एकाच यादींत आपलीं नांवें नोंदवूं लागले आणि त्या यादींत सेकंदाच्या शतांशावरून मानाच्या जागा ठरूं लागल्या. तेव्हां एक अवघड प्रश्न पुढें आला. एकाच नांवाखालीं विकल्या गेलेल्या दोन देशांतील दोन आवृत्त्या हा एकच खेळ मानावयाचा कीं दोन? आणि एकच मानला, तर ज्याच्या देशांत मंद आवृत्ति आली त्याला न्याय कसा द्यावयाचा?

एखादा व्हिडिओ गेम आरंभापासून शेवटापर्यंत कमींत कमी वेळांत पुरा करण्याच्या छंदाला ‘स्पीडरनिंग’ म्हणतात. १९९३ सालच्या ‘डूम’ या खेळांत खेळाडूला आपली खेळी नोंदवून ठेवतां येई व ती दुसऱ्याला पाठवितां येई. तेथें या छंदाचें मूळ सांपडतें. १९९८ सालीं ‘स्पीड डेमोज अर्काइव्ह’ हा संग्रह निघाला. २०१० पासून ‘गेम्स डन क्विक’ या नांवानें धर्मादाय निधीसाठीं अखंड खेळण्याचे मेळावे भरूं लागले. २०१४ पासून ‘स्पीडरन डॉट कॉम’ या स्थळीं असंख्य खेळांच्या तालिका, म्हणजे ‘लीडरबोर्ड’, एकत्र ठेवल्या जाऊं लागल्या. या तालिका सांभाळणारे बहुतेक लोक विनावेतन काम करणारे खेळाडूच असतात. विक्रम करणाराहि बहुधा कोणत्याहि बक्षिसासाठीं झटत नाहीं. पांच मिनिटांच्या एका निर्दोष धावेसाठीं तो हजारों वेळां पहिल्यापासून आरंभ करतो, आणि या सर्व श्रमांचें फळ म्हणजे तालिकेंतील एक ओळ. त्या ओळीचा न्याय चुकला, तर त्याच्या हातीं दुसरें कांहींच उरत नाहीं. म्हणूनच बाहेरच्याला क्षुल्लक वाटणारा हा वाद त्या मंडळींत इतक्या कळकळीनें चालतो.

फरक उत्पन्न होण्याचीं कारणें मुख्यतः तीन आहेत. पहिलें कारण विजेचें. युरोपांतील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनें करतो, अमेरिकेंतील ६०. दूरचित्रवाणीची रचना झाली तेव्हां पडद्यावरील चित्र या आवर्तनांशीं जुळतें ठेवणें सोयीचें होतें. त्यामुळें अमेरिकेच्या ‘एन्‌टीएस्‌सी’ पद्धतींत ५२५ रेघांचें चित्र सेकंदाला सुमारें ६० वेळां ताजें होई. आणि जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनींत वॉल्टर ब्रूख यांनीं सिद्ध केलेली ‘पॅल’ ही रंगीत पद्धति युरोपांत ज्या ६२५ रेघांच्या चित्रावर बसविली गेली, तें ५० वेळां ताजें होई. भारतानें हीच युरोपीय वाट धरली. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळीं रंगीत प्रक्षेपण आलें, तें पॅल पद्धतीचेंच. म्हणजे मुंबई-पुण्याच्या घरांतील संच या वादांत युरोपच्या पंगतीला बसतात. जपानची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. टोकियोकडील भागांत वीज ५० आवर्तनांची, ओसाकाकडील भागांत ६० ची. तरी दूरचित्रवाणी मात्र देशभर अमेरिकन पद्धतीची. ब्राझीलनें रंगासाठीं पॅल स्वीकारली, पण चित्राचा वेग ६० च ठेवला. यावरून दिसेल कीं दोष पॅल या नांवाचा नाहीं, ५० या आंकड्याचा आहे. आणि तो आंकडा खेळाडूनें निवडलेला नसून तो कोठें जन्मला यावरून त्याच्या वाट्याला आलेला आहे.

त्या काळच्या खेळयंत्रांतील बहुतेक खेळांचें घड्याळ चित्राच्या गतीशीं जखडलेलें असे. पडद्यावर एक चित्र उमटलें कीं खेळ एक पाऊल पुढें सरके. अशा खेळांतील ३,६०० पावलांचा मार्ग अमेरिकन यंत्रावर ६० सेकंदांत संपतो, युरोपीय यंत्रावर त्याला ७२ सेकंद लागतात. दहा मिनिटांची धाव बारा मिनिटांची होते. हाताचें कौशल्य तेंच, वाट तीच, चूक एकहि नाहीं; तरी दोन मिनिटांचा दंड.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे हिशेबाचा. युरोपीय वेळेला पांच-षष्ठांशानें गुणावें, म्हणजे झालें! परंतु हा हिशेब दिसतो तितका सरळ नाहीं. अमेरिकन यंत्रावर एक चित्र सुमारें १७ सहस्रांश सेकंद टिकतें, युरोपीय यंत्रावर २० सहस्रांश. एखादी उडी नेमक्या एकाच चित्राच्या अवधींत मारावयाची असली, तर युरोपीय खेळाडूला तिच्यासाठीं एक-पंचमांश वेळ अधिक मिळतो. खेळ मंद झाला तरी माणसाचे डोळे आणि बोटें मंद होत नाहींत. म्हणून वेळ तशीच धरली तर मंद यंत्राच्या खेळाडूवर अन्याय होतो, आणि गुणाकार केला तर सवड अधिक मिळून वर वेळहि कमी धरल्याबद्दल दुसरा खेळाडू तक्रार करतो. दोघांचीहि तक्रार खोटी नाहीं.

कित्येक निर्मात्यांनीं युरोपसाठीं खेळाची गति मुद्दाम वाढविली. १९८५ सालीं जपानांत निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ युरोपांत आला तेव्हां मारिओची चाल अशीच बदललेली होती. यानें मंदपणा बराच गेला, पण दुसरी अडचण उभी राहिली. सेकंदाला चित्रें कमी आणि वेग मात्र जवळ जवळ तितकाच ठेवावयाचा, म्हणजे प्रत्येक चित्रागणिक मारिओला मोठें पाऊल टाकावें लागतें. समोर भिंत आहे कीं मोकळी जागा, हें यंत्र पावलागणिक तपासतें. पाऊल लांबलें कीं तपासणीच्या जागा बदलतात, आणि जेथें पूर्वीं भिंत अडवीत होती तेथें तिच्या कडेंत शिरतां येण्याचा संभव उत्पन्न होतो. विक्रमवीर नेमक्या अशाच फटींच्या शोधांत असतात. मग या दोन आवृत्त्यांत गुणाकाराचा संबंधहि उरत नाहीं. एका मार्गावरची युक्ति दुसऱ्या मार्गावर चालत नाहीं. ‘सुपर मारिओ कार्ट’ आणि ‘मारिओ कार्ट ६४’ या शर्यतीच्या खेळांचे विक्रम ५० आणि ६० यांसाठीं निरनिराळे ठेवले जातात, तें म्हणूनच शहाणपणाचें आहे.

दुसरें कारण भाषेचें. जुन्या खेळांत पात्रांचें बोलणें पडद्यावर एकेक अक्षर करून उमटतें आणि तें पुरें होईपर्यंत खेळाडूला थांबावें लागतें. जपानी व चिनी लिपींत थोड्या अक्षरांत पुष्कळ अर्थ मावतो. तोच मजकूर इंग्रजींत लांबतो. १९९८ सालच्या ‘झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ या खेळांत संवाद पुष्कळ आहेत. त्यामुळें हा खेळ वेगानें खेळूं पाहणारे इंग्रजी भाषक खेळाडू, जपानीचें एक अक्षरहि न वाचतां, जपानी आवृत्ति घेऊन बसूं लागले. त्याहून विशेष म्हणजे निंटेंडोनें २००३ सालीं केवळ चीनसाठीं काढलेलें ‘आयक्यू प्लेअर’ हें छोटें यंत्र कांहीं विक्रमवीरांनीं परदेशांतून मागविलें; कारण त्यावरील चिनी मजकूर लौकर सरतो. कथा तोंडपाठ असल्यामुळें भाषा न समजल्यानें त्यांचें कांहीं अडत नव्हतें. येथें हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे कीं या बाबतींत वाचलेल्या सेकंदांत कौशल्याचा अंश मुळींच नाहीं. अक्षरें उमटत असतां खेळाडूला एक बटण दाबण्यापलीकडे काम नसतें. तो वेळ त्यानें मिळविलेला नसतो, विकत घेतलेला असतो.

तिसरें कारण दुरुस्तीचें. एखादा खेळ एका देशांत आधीं निघतो, दुसऱ्या देशांत कांहीं महिन्यांनीं. मधल्या काळांत निर्मात्याला आपल्या चुका समजतात व पुढील आवृत्तींत तो त्या बुजवितो. ‘सुपर मारिओ ६४’ जपानांत जून १९९६ मध्यें निघाला. त्यांत उलटें तोंड करून लांब उड्या मारीत राहिल्यास मारिओचा वेग अमर्याद वाढतो आणि बंद दारें ओलांडून जातां येतें. १९९७ सालीं जपानांतच निघालेल्या नव्या आवृत्तींत ही चूक दुरुस्त करण्यांत आली. त्यामुळें त्या युक्तीवर उभारलेल्या छोट्या धावांना ती आवृत्ति निरुपयोगी ठरली. ‘मेट्रॉइड प्राइम’ अमेरिकेंत नोव्हेंबर २००२ मध्यें आला आणि युरोपांत मार्च २००३ मध्यें. अमेरिकेच्या पहिल्या प्रतींत नेमून दिलेला क्रम मोडून पुढचीं साधनें लौकर हस्तगत करण्याच्या ज्या वाटा होत्या, त्यांतील अनेक वाटा युरोपीय प्रतींत बुजविलेल्या आढळतात. येथें दैवाचा विनोद असा कीं दुरुस्त, निर्दोष प्रत ज्याच्या वाट्याला आली, तोच शर्यतींत मागें पडतो.

कधीं कधीं फरक चुकीचा नसून मुद्दाम केलेला असतो. ‘काँट्रा : हार्ड कोअर’ या १९९४ सालच्या खेळाच्या जपानी आवृत्तींत खेळाडू तीन घाव सोसूं शकतो, अमेरिकन आवृत्तींत एका घावांत प्राण जातो. ज्याला दोन घाव खाऊनहि पुढें जातां येतें, तो शत्रूच्या अंगावरून धावण्याचें धाडस करील. दुसऱ्याला प्रत्येक गोळी चुकवावी लागेल. हे दोन खेळाडू एकाच रांगेंत उभे केले, तर मोजणी बरोबर येईल, पण न्याय होणार नाहीं.

या परिस्थितींत तालिका राखणाऱ्यांपुढें तीन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे सर्व आवृत्त्यांना एकच तालिका खुली ठेवणें: जो सर्वांत आधीं पोंचला तो पहिला. हा मार्ग साधा, आणि त्याच्या मागें एक विचारहि आहे. कोणती आवृत्ति वेगवान आहे हें शोधून काढणें हेंहि एक प्रकारचें कौशल्य आहे. आणि नियम सर्वांना सारखा असल्यावर पक्षपात कसला, असें त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. परंतु नियम सारखा असला तरी त्याचा भार सारखा पडत नाहीं. जुन्या परदेशी प्रती दुर्मिळ होत जातात आणि दुर्मिळ वस्तूची किंमत चढते. शिवाय यंत्रें देशागणिक कुलुपबंद केलेलीं होतीं. जपानी ‘फॅमिकॉम’च्या काडतुसाला ६० टोंकें, तर पश्चिमेकडील ‘एन्‌ईएस्‌’च्या काडतुसाला ७२, त्यांतहि परक्या प्रतीला अटकाव करणारी एक चकती यंत्रांत बसविलेली. म्हणजे प्रत बदलावयाची तर यंत्रहि बदलावें लागणार, आणि कित्येकदां दूरचित्रवाणीचा संचहि. ज्याचा खिसा हलका आहे, त्याला स्पर्धेच्या दाराशींच थांबावें लागतें, आणि तालिकेकडे पाहून तें कळतहि नाहीं; कारण जे आलेच नाहींत त्यांचीं नांवें कोणत्याहि यादींत नसतात.

दुसरा मार्ग प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र तालिका देण्याचा. हा न्याय्य वाटतो, पण त्यानें स्पर्धेचे तुकडे होतात. शंभर खेळाडूंची एक शर्यत मोडून वीस वीस जणांच्या पांच शर्यती केल्या, तर पहिले पांच होतात खरे. पण त्या पहिलेपणाला पूर्वींचें वजन राहत नाहीं. एखाद्या तालिकेंत दोनच नांवें असलीं, तर तेथील विक्रमाला प्रतिस्पर्ध्याचा धाकहि राहत नाहीं. तिसरा मार्ग मोजून वजा करण्याचा. खेळ चालू होतांना यंत्राला लागणारा वेळ वगळून उरलेला मोजण्याची रीत संगणकावरील अनेक खेळांत रूढ झाली आहे. ‘लाइव्हस्प्लिट’सारखें घड्याळ असे विश्रांतीचे क्षण आपोआप गाळूं शकतें. संवादांच्या लांबीचा फरकहि याच रीतीनें मोजून वळता करतां येईल. मात्र ही रीत तेथेंच लागू पडते, जेथें फरक ठराविक आहे आणि त्याचा खेळाडूच्या हालचालीशीं संबंध नाहीं. ५० आणि ६० चा फरक, किंवा एका घावाचा आणि तीन घावांचा फरक, असा वजाबाकींत मावत नाहीं.

मैदानी खेळांच्या जगानें हे प्रश्न फार पूर्वींच अनुभवले आहेत. १९६८ सालीं मेक्सिको शहरांत ऑलिंपिक सामने झाले. तें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें सव्वादोन हजार मीटर उंच. तेथील विरळ हवेंत बॉब बीमन यानें ८.९० मीटर लांब उडी मारली. तो विक्रम रद्द झाला नाहीं. तसेंच उंच ठिकाणच्या पराक्रमापुढें खूण करून ठेवण्याची प्रथा आहे, म्हणजे वाचणाऱ्याला परिस्थिति कळते. वाऱ्याच्या बाबतींत मात्र मर्यादा कडक आहे. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरांहून अधिक असला, तर शंभर मीटरांच्या धावेचा विक्रम मान्य होत नाहीं. २००९ सालीं रोम येथील जागतिक पोहण्याच्या स्पर्धेंत नव्या धर्तीच्या पोशाखांमुळें ४३ विश्वविक्रम मोडले. २०१० च्या आरंभापासून ते पोशाख बंद झाले, पण झालेले विक्रम पुसले गेले नाहींत. एके ठिकाणीं नुसती नोंद, एके ठिकाणीं मर्यादा, एके ठिकाणीं पुढीलांना बंदी. सर्वांना पुरणारा एकच नियम तेथेंहि कोणाला सांपडलेला नाहीं. तरीहि या तिन्ही निर्णयांत एक समान सूत्र दिसतें: खेळाडूनें केलेलें काय आणि परिस्थितीनें दिलेलें काय, हें निवडून पाहण्याचा प्रयत्न.

व्हिडिओ गेमच्या तालिकांनाहि हीच कसोटी लावतां येण्यासारखी आहे. जेथें आवृत्तीमुळें खेळाडूच्या हातांना वेगळें काम करावें लागतें, म्हणजे वेग, भिंती, घाव किंवा वाटा बदलतात, तेथें तो खेळ निराळा मानून त्याची तालिका निराळी ठेवावी. जेथें हातांना काम तेंच आहे आणि केवळ वाट पाहण्याचा वेळ कमी-अधिक होतो, तेथें तो वेळ मोजून वळता करावा आणि तालिका एकच राखावी. खेळाडूंची संख्या फारच थोडी असून स्वतंत्र तालिका ओस पडणार असेल, तर सर्वांना एकत्र ठेवावें. पण प्रत्येक नांवापुढें देश, यंत्र व आवृत्ति यांची नोंद अवश्य असावी. ‘सुपर मारिओ ६४’च्या तालिकेंत मूळ यंत्र, निंटेंडोच्या पुढील यंत्रावरील प्रत आणि संगणकावरील नक्कल यांचा उल्लेख धावेबरोबर केला जातो. एवढ्या साध्या नोंदीनें अन्याय नाहींसा होत नसला, तरी तो झांकला जात नाहीं.

यावर एक रास्त आक्षेप येईल. कसोटी सोपी असली तरी सीमारेषा सोपी नसते. संवाद लौकर संपल्यामुळें खेळाडूला विश्रांति कमी मिळते; तेव्हां हातांचें काम तेंच राहिलें असें पूर्णपणें म्हणतां येईल काय? मोजलेल्या फरकांत शतांशाची चूक राहिली आणि दोन खेळाडूंमध्यें अंतरहि तेवढेंच असलें, तर पहिला कोण? असे प्रसंग येणारच. अशा वेळीं निर्णयापेक्षां निर्णयाची रीत अधिक महत्त्वाची ठरते. नियम धावेच्या आधीं लिहिलेला असावा. नवी वेगवान आवृत्ति उजेडांत आली म्हणून जुन्या विक्रमवीराचें नांव गुपचूप खालीं जाऊं नये. आणि बदल करावयाचा तर ज्यांच्यापाशीं मंद प्रत आहे त्यांचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावें. वेगवान प्रत बाळगणारेच जेथें नियम करतात, तेथें त्यांचा हेतु शुद्ध असूनहि नियम एका बाजूला झुकतो.

निर्मात्यांच्या वागण्यानें हा प्रश्न कमी-अधिक तीव्र होतो. २०१८ सालीं सोनीनें काढलेल्या ‘प्लेस्टेशन क्लासिक’ या छोट्या यंत्रावरील २० खेळांपैकीं ९ खेळ ५० गतीच्या युरोपीय आवृत्तीचे निघाले, तेव्हां पुष्कळांनीं नाराजी दर्शविली. उलट २०२१ सालीं निंटेंडोनें ‘निंटेंडो ६४’चे जुने खेळ नव्या यंत्रावर आणतांना युरोपांतील ग्राहकांनाहि ते ६० गतीनें खेळावयास मिळतील, आणि कांहीं खेळ मूळच्या युरोपीय रूपांतहि घेतां येतील, असें ठरविलें. विजेच्या आवर्तनांनीं पाडलेली जुनी भिंत नव्या पडद्यांपुढें यापुढें अडचण करणार नाहीं. परंतु जे विक्रम जुन्या यंत्रांवर झाले व आजहि होत आहेत, त्यांचा हिशेब जुन्याच यंत्रांनीं करावा लागेल.

५० गतीच्या पडद्यासमोर बसून ज्यानें एखादा खेळ वर्षानुवर्षें घोटला, त्याची मागणी फार मोठी नाहीं. आपल्या धावेला दुसऱ्याच्या घड्याळानें मोजून तुच्छ लेखूं नये आणि कीव करून तिला फुकटची सूटहि देऊं नये, एवढेंच त्याचें म्हणणें असतें. त्यानें काय केलें तें जसें आहे तसें लिहून ठेवणें हें तालिका राखणाऱ्यांच्या हातीं आहे, आणि तेवढें त्यांनीं केलें तर त्या ओळीसाठीं वेंचलेलीं वर्षें वायां गेलीं असें त्याला वाटणार नाहीं.